मादेइराचा नाताळ : उबदार, आटोपशीर आणि गोव्याच्या ओळखीचा

युरोपच्या उत्तर भागात डिसेंबर म्हणजे काळोखाचा महिना. लंडनमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तर स्टॉकहोममध्ये तो तीनच्याही आत दिसेनासा होतो. त्यामुळे नाताळच्या सुटीत ऊन शोधत दक्षिणेकडे निघण्याची प्रथा तेथील मध्यमवर्गात रुजून कित्येक दशके लोटली. कॅनरी बेटे, माल्टा, इजिप्तचा तांबड्या समुद्राचा किनारा ही या प्रवाशांची नेहमीची ठिकाणे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून चार्टर विमानांनी येणाऱ्या पर्यटकांमुळे आपला गोवाही या यादीत सामील झाला. यादीतील एक नाव मात्र गोमंतकीय वाचकाने विशेष लक्ष देऊन पाहावे असे आहे. ते म्हणजे पोर्तुगालच्या अखत्यारीतील अटलांटिक महासागरातील मादेइरा बेट.

मराठीत ज्या सणाला आपण नाताळ म्हणतो, तो शब्दच मुळी पोर्तुगीजांकडून आलेला. त्या शब्दासोबत आलेले अनेक विधी, पदार्थ आणि सवयी मादेइरात आजही जुन्या रूपात पाहायला मिळतात. हवा सौम्य, खर्च पश्चिम युरोपच्या मानाने कमी आणि सण अजून स्थानिक लोकांच्या हातात, या तीन गोष्टींमुळे हे बेट नाताळच्या सुटीसाठी नावाजले गेले. परंतु 'परवडणारे' हा शब्द कोणाच्या खिशाच्या हिशेबाने वापरायचा, याचे उत्तर लंडन, पणजी आणि खुद्द फुंशाल या तिन्ही ठिकाणी वेगवेगळे मिळते.

बेट कोठे, हवा कशी

मादेइरा लिस्बनच्या नैऋत्येला सुमारे एक हजार किलोमीटर अंतरावर आहे. आफ्रिकेचा मोरोक्कोचा किनारा त्याला पोर्तुगालपेक्षा जवळ. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ७४० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या पाचव्या हिश्श्याइतके. द्वीपसमूहाची लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास आणि राजधानी फुंशाल. १९७६ पासून हा पोर्तुगालचा स्वायत्त प्रदेश असून त्याला स्वतःची विधानसभा आणि सरकार आहे.

बेट ज्वालामुखीतून घडलेले. समुद्रातून उभे वर आलेले डोंगर हेच त्याचे रूप. सर्वांत उंच शिखर पिको रुइव्हो १,८६२ मीटरचे आहे. या उंचीमुळे एकाच दिवशी दोन ऋतू अनुभवता येतात. फुंशालमध्ये डिसेंबरात दिवसाचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि रात्रीचे १४-१५ अंश असते. तासाभरात मोटारीने पिको दो आरिएरोच्या माथ्यावर पोहोचले, की अंगात जाड लोकरी कपडे हवेत, इतका वारा आणि गारठा असतो. समुद्राच्या पाण्याचे तापमानही १९-२० अंशांच्या घरात राहते. शून्याच्या आसपास घुटमळणाऱ्या शहरातून आलेल्या माणसाला हे उन्हाळ्यासारखे वाटते. गोव्यातून जाणाऱ्याला मात्र ही ऊब नसून हवाहवासा गारवा वाटेल. स्वेटर घेऊनच निघावे.

आणखी दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. पहिली, डिसेंबर हा तेथील पावसाळी महिन्यांपैकी एक. पाऊस सलग पडत नाही. सरी येतात आणि जातात, आणि उत्तर किनाऱ्यावर त्या दक्षिणेपेक्षा जास्त येतात. फुंशाल दक्षिणेला, डोंगरांच्या आडोशाला असल्याने तेथे ऊन अधिक मिळते. दुसरी गोष्ट, कोलवा किंवा मोरजीसारखी पुळण तेथे शोधू नये. मुख्य बेटाचे किनारे बहुतांशी गोट्यांचे आहेत. काल्येता येथील पिवळी वाळू मोरोक्कोहून आणून टाकलेली आहे. खरी नैसर्गिक पुळण हवी असेल, तर सुमारे अडीच तासांचा जलप्रवास करून शेजारच्या पोर्तो सांतो बेटावर जावे लागते. तेथे ती नऊ किलोमीटर पसरलेली आहे.

आजाऱ्यांच्या बेटापासून सुटीच्या बेटापर्यंत

पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव गोन्साल्विस झार्को आणि त्रिस्तांव वाझ तेशैरा हे १४१९-२० च्या सुमारास या बेटावर उतरले, तेव्हा तेथे मनुष्यवस्ती नव्हती. होते ते घनदाट जंगल. 'मादेइरा' या शब्दाचा अर्थच लाकूड. जंगल जाळून आणि तोडून उसाची लागवड झाली आणि पंधराव्या शतकात येथील साखर युरोपभर जाऊ लागली. त्या मळ्यांवर गुलामांकडून काम करून घेतले जाई, हा इतिहासही विसरता येत नाही. उत्तरेकडील पाणी दक्षिणेच्या शेतांना पोहोचवण्यासाठी डोंगरकड्यांतून खोदलेले 'लेवादा' नावाचे पाट आज दोन हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे आहेत. त्यांच्या काठाने जाणाऱ्या पायवाटा हेच आज पर्यटकांचे मोठे आकर्षण ठरले आहे. उरलेल्या मूळ लॉरेल वनाला १९९९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

थंडीत येथे येऊन राहण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकातील. क्षयरोगावर औषध नव्हते तेव्हा ब्रिटिश डॉक्टर श्रीमंत रुग्णांना हिवाळ्यासाठी मादेइराला पाठवीत. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिने १८६०-६१ चा हिवाळा येथे काढला. १८९१ मध्ये फुंशालला रीड्स हॉटेल सुरू झाले. पुढे १९५० च्या जानेवारीत विन्स्टन चर्चिल तेथे उतरले होते आणि त्यांनी जवळच्या कामारा द लोबोस या कोळीवाड्यात बसून चित्रे काढली. त्या काळी बेटावर जायचे तर बोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने. १९६४ मध्ये विमानतळ झाला, स्वस्त पॅकेज सहली सुरू झाल्या आणि सम्राज्ञीची सुटी कारकुनाच्या आवाक्यात आली. अलीकडच्या वर्षांत स्वस्त दराच्या विमान कंपन्यांनी युरोपातील अनेक शहरे थेट फुंशालशी जोडल्यावर नाताळची गर्दी आणखी वाढली.

'फेश्ता' : महिनाभराचा सण

मादेइरात नाताळाला केवळ 'फेश्ता' म्हणतात. वर्षात अनेक फेस्ते होतात, पण विशेषण न लावता 'फेश्ता' म्हटले की तो नाताळच. गोव्यातील वाडी-वाड्यांवरच्या फेस्तांची ज्यांना सवय आहे, त्यांना या शब्दाचे वजन सांगायला नको.

डिसेंबरच्या आरंभी फुंशालच्या रस्त्यांवर रोषणाई लागते. शहर डोंगराच्या उतारावर अर्धवर्तुळात पसरलेले असल्याने समुद्रावरून ते एखाद्या दिव्यांच्या प्रेक्षागृहासारखे दिसते. ८ डिसेंबर हा निष्कलंक गर्भसंभवाचा सण, म्हणजे आपल्याकडे पणजीच्या चर्चचे फेस्त ज्या दिवशी भरते तोच. या दिवशी घरोघरी 'बोलो द मेल' नावाचा काळसर केक करण्याची परंपरा आहे. त्यात उसाची काकवी, दालचिनी, लवंग आणि अक्रोड असतात. तो वर्षभर टिकतो. नवा केक होताना गतवर्षीचा उरलेला संपवायचा आणि केक सुरीने न कापता हाताने मोडायचा, असा रिवाज.

१६ डिसेंबरपासून 'मिसास दो पार्तो' सुरू होतात. मरियमेच्या गर्भारपणाच्या नऊ महिन्यांचे स्मरण म्हणून नऊ दिवस पहाटे, उजाडण्याआधी, मिस्सा होतात. मिस्सा संपल्यावर चर्चच्या प्रांगणात गरम कोको, संत्र्या-मोसंब्यांचे घरगुती मद्य, पाव आणि अकॉर्डियनच्या साथीने गाणी असा मेळा जमतो आणि मग माणसे कामावर जातात. या गाण्यांत वाजणारे 'ब्रागिन्या' हे चार तारांचे छोटे वाद्य १८७९ मध्ये मादेइराच्या स्थलांतरितांनी हवाई बेटांवर नेले आणि तेथे त्यातून युकुलेली जन्माला आली. पर्यटकाला या मेळ्यात कोणी अडवत नाही, तिकीटही नसते. मात्र आतली प्रार्थना चालू असताना छायाचित्रे काढणे टाळावे.

२३ डिसेंबरची रात्र बाजाराची. १९४० मध्ये उभारलेल्या फुंशालच्या शेतकरी बाजारात आणि भोवतालच्या रस्त्यांवर पहाटेपर्यंत गर्दी असते. फळे, फुले, मासळी यांची खरेदी हे निमित्त. भेटीगाठी आणि सामूहिक गायन हा खरा हेतू. म्हापशाच्या बाजारात चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीच्या सामानासाठी जी झुंबड उडते, तिची आठवण यावी असाच हा प्रकार असतो. २४ ला मध्यरात्री 'मिसा दो गालो', म्हणजे गोव्यात 'मिसा द गाल' म्हणून ओळखली जाणारीच कोंबड्याच्या आरवाची मिस्सा होते. २५ तारीख घरातल्या माणसांची. २६ ला पुन्हा प्रादेशिक सुटी असते आणि त्या दिवशी नातेवाइकांकडे जाणे-येणे होते. ३१ च्या मध्यरात्री फुंशालच्या डोंगरउतारावरून आणि समुद्रातून एकाच वेळी आतषबाजी होते. २००६ च्या नववर्षाच्या आतषबाजीची नोंद जगातील सर्वांत मोठी म्हणून गिनीज बुकात झाली होती. ती पाहण्यासाठी पर्यटक जहाजांची बंदरात रांग लागते. ६ जानेवारीला राजांचा सण आणि १५ जानेवारीला सांतो आमारोचा दिवस, ज्या दिवशी घरातील फराळाची कपाटे 'झाडून' उरलेसुरले संपवायचे असते, तेथे फेश्ता संपतो.

घराघरांतील गोठ्याचे रूपही पाहण्यासारखे आहे. त्याला 'लापिन्या' म्हणतात. जुन्या पद्धतीत पायऱ्यांच्या छोट्या उतरंडीवर सर्वांत वर बाळ येशूची मूर्ती उभी करतात आणि खाली फळे मांडतात. त्याभोवती लहान वाट्यांत गहू, मका, मसूर यांचे कोवळे अंकुर ठेवतात. गोव्यातील मुले गोठ्याभोवती हिरवळ दिसावी म्हणून नाचणी किंवा गहू पेरतात; नवरात्रात घटाभोवती धान्य उगवण्याची पद्धत मराठी घरांत आहे. तिन्हींचे मूळ एक आहे असे म्हणण्याचे कारण नाही. नव्या सुगीसाठी मागणे मागताना शेतकरी माणूस सगळीकडे एकाच खुणेचा आधार घेतो, इतके मात्र त्यातून कळते.

ताटातील नाती

मादेइराच्या नाताळचा मुख्य पदार्थ म्हणजे 'कार्ने द विन्या द आल्योस'. डुकराचे मांस द्राक्षमद्य किंवा शिरका, लसूण, तमालपत्र यांत दोन-तीन दिवस मुरवून मग तळतात. बाजाराच्या रात्री ते पावात घालून विकले जाते. विन्या द आल्योस म्हणजे मद्य आणि लसूण यांचे मुरवण. हाच पदार्थ पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला. येथे त्याला माडाचा शिरका मिळाला, अमेरिकेहून पोर्तुगीजांनीच आणलेली मिरची मिळाली आणि तो 'विंदालू' झाला. पुढे परदेशांतील उपाहारगृहांनी 'आलू' ऐकून त्यात बटाटे घातले, तो गैरसमज आहे. फुंशालच्या पावातला तुकडा तोंडात टाकणाऱ्या गोमंतकीयाला विंदालूचा मिरचीआधीचा पूर्वज भेटतो.

मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर घरी 'कांजा' पितात. कोंबडीचे हे पातळ सार पोर्तुगालात आजाऱ्यालाही देतात. त्याचे नाव दक्षिण भारतातील 'कंजी'वरून गेलेले आहे. म्हणजे विन्या द आल्योस तिकडून इकडे आले आणि आपली पेज इकडून तिकडे गेली. नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला पोर्तुगीजमध्ये 'कोन्सोआदा' म्हणतात. गोव्यात शेजाऱ्यांना बेबिंका, दोदोल, नेवऱ्यांचे जे 'कुन्सवाद' पाठवतात, त्याचे नाव यातूनच आले. मादेइराच्या प्रसिद्ध मद्याची कथाही अशीच भारताच्या वाटेवरची आहे. भारताकडे जाणाऱ्या गलबतांच्या पोटात उष्ण कटिबंधाचा उकाडा सोसून परत आलेली पिंपे अधिक चवदार लागतात, हे ध्यानात आल्यावर मद्य मुद्दाम तापवण्याची पद्धत पडली.

धर्मसत्तेचा धागा तर याहून थेट आहे. १५१४ मध्ये फुंशालचा धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा पोर्तुगीजांच्या समुद्रापारच्या सर्व मुलखांची धार्मिक जबाबदारी त्याच्याकडे होती. गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात आलेला असल्याने १५३० च्या दशकात स्वतंत्र धर्मप्रांत होईपर्यंत जुन्या गोव्यातील चर्चेही या लहानशा बेटाच्या अखत्यारीत होती. फुंशालचे कॅथेड्रल त्याच काळातील असून त्याचे कोरीव लाकडी छत आवर्जून पाहावे.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना. पारंपरिक बोलो द मेलमध्ये आणि तळलेल्या मक्याच्या वड्यांत डुकराची चरबी असू शकते, विचारून घ्यावे. तव्यावर भाजलेला 'बोलो दो काको' हा लसूण-लोण्याचा पाव सर्वत्र मिळतो. फळांची मात्र चंगळ असते. केळी, पॅशन फ्रूटचे अनेक प्रकार आणि आपल्या सीताफळाचे जवळचे भावंड असलेले 'आनोना' थंडीत बाजारात येते.

स्वस्त कोणाला?

मादेइरा 'परवडणारे' ठरते ते ब्रिटन, जर्मनी, स्कँडिनेव्हियाच्या तुलनेत. पोर्तुगालमधील किंमतींची पातळी या देशांपेक्षा खाली आहे आणि मादेइरात अप्रत्यक्ष करांचे दर मुख्य भूमीपेक्षाही थोडे कमी आहेत. साध्या कॅफेत कॉफी एक-दीड युरोत मिळते, सार्वजनिक बस बहुतेक गावांपर्यंत जाते आणि बेटावरची मोठी आकर्षणे, म्हणजे रोषणाई, पहाटेचे मेळे, बाजाराची रात्र, आतषबाजी, ही विनाशुल्क आहेत.

पण डिसेंबर सरसकट स्वस्त नसतो. महिन्याचे दोन भाग पडतात. साधारण १० ते २२ तारखेपर्यंत हॉटेले तुलनेने स्वस्त असतात आणि फेश्ताचे खरे स्थानिक रूप याच दिवसांत दिसते. २७ डिसेंबर ते २ जानेवारी हा आतषबाजीचा आठवडा वर्षातील सर्वांत महागड्या दिवसांपैकी असतो; अनेक हॉटेले त्या काळात किमान काही रात्रींचे आरक्षण आणि ३१ च्या मेजवानीचे वेगळे पैसे मागतात. फुंशाल पालिका २०२४ च्या ऑक्टोबरपासून दर माणशी दर रात्री २ युरो पर्यटन कर घेते. सात रात्रींनंतर तो लागत नाही. काही लोकप्रिय लेवादा-वाटांवर बाहेरच्या पर्यटकांकडून काही युरोंचे शुल्क घेतले जाते आणि त्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते.

गोव्यातून निघणाऱ्या कुटुंबाची अडचण येथेच सुरू होते. शाळांची नाताळची सुटी नेमकी महागड्या आठवड्यात येते. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात थेट विमानसेवा नसल्याने दुबई, इस्तंबूल किंवा युरोपातील एखाद्या शहरात विमान बदलून लिस्बन आणि तेथून पावणेदोन तासांनी फुंशाल, असा प्रवास करावा लागतो. जाण्या-येण्यात प्रत्येकी एक दिवस जातो आणि डिसेंबरच्या अखेरीस भारतातून निघणारी तिकिटेही महाग असतात. त्यामुळे एकट्या आठवड्यासाठी गोव्यातून मादेइराला जाणे हा स्वस्त बेत नव्हे. ज्यांना केवळ ऊब आणि जवळचे परदेश हवे, त्यांना कोलंबोजवळील नेगोम्बो हे कॅथलिक वस्तीचे श्रीलंकेतील शहर कमी खर्चात नाताळ दाखवील.

मादेइराचा हिशेब जुळतो तो दोन परिस्थितींत. पहिली, लिस्बनसह दोन आठवड्यांची सहल असेल तर. दुसरी, कुटुंबातील कोणी आधीच युरोपात असेल तर. ब्रिटनमधील स्विंडनसारख्या शहरांत पोर्तुगीज पारपत्रावर गेलेली गोमंतकीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. लंडनहून फुंशाल थेट विमानाने सुमारे चार तासांवर आहे. नाताळाला गोव्याचे तिकीट परवडत नाही, अशा वर्षी ओळखीच्या चवीचा सण त्यांना तेथे मिळू शकतो.

व्हिसा आणि कागदपत्रे

मादेइरा शेंगेन क्षेत्रात मोडते. भारतीय पारपत्रधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. त्याचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो असून सेवा केंद्राचे शुल्क वेगळे असते. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. निर्णयाला नियमाप्रमाणे १५ दिवस लागतात, परंतु काही प्रकरणांत ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. नाताळासाठी जायचे तर सप्टेंबरातच अर्ज करणे शहाणपणाचे. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, परतीचे आरक्षण, राहण्याची सोय आणि पुरेशा पैशांचा पुरावा लागतो. पणजीत पोर्तुगालचा महावाणिज्य दूतावास आहे. अर्ज कोठे द्यायचा याची ताजी माहिती तेथून घ्यावी.

येथे एक चूक अनेकदा महागात पडते. ब्रिटनचा व्हिसा असला म्हणजे मादेइराला जाता येते, असे नाही. मुलाकडे लंडनला गेलेल्या आई-वडिलांना भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा स्वतंत्रपणे घ्यावा लागतो, आणि अल्पकालीन भेटीवर असताना तो ब्रिटनमध्ये मिळणे कठीण असल्याने भारतातूनच घेऊन निघावे. पोर्तुगीज पारपत्र असलेल्यांना व्हिसा लागत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर बाहेरच्या देशांतील प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि छायाचित्र नोंदवण्याची नवी पद्धत सुरू झाल्याने विमान बदलताना मध्ये पुरेसा वेळ ठेवावा.

वाऱ्याच्या हाती असलेला विमानतळ

मादेइराचा विमानतळ समुद्र आणि डोंगर यांच्या चिंचोळ्या पट्टीत आहे. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी मुसळधार पावसात उतरताना एक विमान धावपट्टीपलीकडे कोसळून १३१ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर धावपट्टी टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. २००० मध्ये समुद्रावर उभारलेल्या खांबांच्या आधाराने ती २,७८१ मीटर लांब झाली. २०१७ मध्ये या विमानतळाला बेटाचा सुपुत्र असलेल्या फुटबॉलपटू क्रिस्तियानो रोनाल्डोचे नाव देण्यात आले.

लांबीचा प्रश्न सुटला, वाऱ्याचा नाही. डोंगरांवरून उलटसुलट येणाऱ्या झोतांमुळे ठरावीक वेगापुढे विमाने उतरू दिली जात नाहीत. ती पोर्तो सांतो, कॅनरी बेटे किंवा लिस्बनकडे वळवली जातात. हिवाळ्यात असे दिवस येतातच. म्हणून फुंशालहून निघण्याचा आणि लिस्बनहून भारताकडे येण्याचा प्रवास एकाच दिवशी ठेवू नये. मध्ये एक रात्र मोकळी असावी. दोन्ही प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर घ्यावेत. युरोपीय संघाच्या नियमांनुसार खराब हवामानामुळे विमान रद्द झाल्यास रोख भरपाई मिळत नाही, पण जेवण आणि रात्रीच्या मुक्कामाची सोय करणे विमान कंपनीला बंधनकारक असते.

लेवादांवर चालतानाही हीच सावधगिरी हवी. पाटाच्या काठची वाट काही ठिकाणी दोन फुटांचीच असते आणि खाली खोल दरी. पावसानंतर दरडी कोसळतात. २० फेब्रुवारी २०१० च्या अतिवृष्टीत या बेटावर चाळीसहून अधिक लोकांचे बळी गेले. वाट बंद असल्याचा फलक दिसला, तर तो ओलांडू नये.

बेटावरच्या माणसांचा नाताळ

शेती तुटपुंजी आणि कुटुंबे मोठी, यामुळे मादेइराची माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेली : व्हेनेझुएला, दक्षिण आफ्रिका, ब्रिटन, जर्सी. फेश्ताला घरी परतणे हा त्यांच्या वर्षाचा मध्यबिंदू असतो. लिस्बन, कोइंब्रा, पोर्तो येथे शिकणारी मुलेही याच दिवसांत घरी येतात. त्यांना पर्यटकांबरोबर त्याच विमानातील त्याच आसनांसाठी झगडावे लागते. बेटावरील रहिवाशांच्या मुख्य भूमीच्या प्रवासाला सरकार अनुदान देते, तरीही नाताळच्या तिकिटांची किंमत हा तेथील राजकारणातला दरवर्षीचा विषय आहे. आखातातून किंवा जहाजावरून चतुर्थीला वा नाताळाला गोव्यात पोहोचण्यासाठी धडपडणाऱ्यांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

घरांच्या किंमती हा दुसरा प्रश्न. पर्यटकांना अल्पकाळ भाड्याने देण्यासाठी घरे घेतली जात असल्याने तरुण दांपत्यांना फुंशालमध्ये घर मिळणे अवघड झाले आहे. पर्यटन कर आणि पायवाटांचे शुल्क ही त्यावरची लहान उत्तरे आहेत. गर्दीचा भार ज्यांच्यामुळे पडतो, त्यांनीच त्याचा काही वाटा उचलावा, हा त्यामागचा विचार. एक गोष्ट मात्र या बेटाने आतापर्यंत सांभाळली आहे. पहाटेची मिस्सा, बाजाराची रात्र आणि लापिन्या यांची वेळ व रीत पर्यटकांच्या सोयीसाठी बदललेली नाही. पाहुणा आला तर त्यालाही कोको मिळतो, पण सण त्याच्यासाठी मांडलेला नसतो.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात

• उत्तम काळ : १५ ते २६ डिसेंबर. आतषबाजी हवीच असेल, तर आरक्षण सहा-आठ महिने आधी.

• २४ च्या संध्याकाळपासून २६ पर्यंत बाजार, बहुतेक दुकाने आणि अनेक उपाहारगृहे बंद असतात; बसफेऱ्या कमी होतात. दोन दिवसांच्या जेवणाची व्यवस्था आधी करावी. १ जानेवारीलाही हीच स्थिती.

• मुक्काम फुंशालच्या जुन्या वस्तीजवळ असल्यास मोटार भाड्याने घेण्याची गरज पडत नाही. चढणी मात्र खड्या आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी हॉटेल निवडताना हे विचारून घ्यावे.

• सोबत हवे : स्वेटर, वारा-पाऊस अडवणारे जाकीट, न घसरणारे बूट.

• हिवाळ्यात मादेइराची वेळ भारताच्या साडेपाच तास मागे असते. फुंशालमध्ये मिसा दो गालोची घंटा वाजते, तेव्हा गोव्यात २५ तारखेची पहाटेची साडेपाच झालेली असते; घरी फोन करायला ही वेळ सोयीची.